अकरावी वाट

खोपोलीतून साजगावकडे निघालं की वस्ती विरळ होता होता सहदेव ओव्हाळची सायकलची टपरी लागायची. चार पत्रे, दारात पाण्यानं भरलेलं घमेलं, आणि आडव्या बांबूवर वाळत घातल्यासारख्या लटकलेल्या जुन्या ट्यूबा. कारखान्याचे कामगार पाळीवर जाताना सायकल टाकून जात, सुटल्यावर घेऊन जात. मधल्या वेळात सहदेव पंक्चर काढी, स्पोक ताणी आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडण काढी.

भांडण हा त्याचा दुसरा धंदाच होता. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदावर झालं. वाण्याकडून गूळ आणला की गूळ बाजूला, आधी कागद उलगडायचा. असं वाचत वाचत तो अर्ज लिहायला शिकला, आणि एकदा अर्ज लिहिता यायला लागल्यावर त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमेना. एसटी थांब्यावर थांबत नाही, कर अर्ज. दवाखान्यात सुई एकच आहे, कर अर्ज. एकाहत्तर साली त्याच्या गावात वरच्या आळीच्या विहिरीवर बौद्धवाड्यातल्या बायांना बादली सोडू देईनात. यानं सात अर्ज केले. आठव्यांदा अर्ज न करता स्वतः बादली घेऊन गेला आणि डोक्याला चार टाके घेऊन आला. पण विहीर खुली झाली. ती खूण कपाळावर केसांखाली दिसायची, आणि ती दिसावी असाच तो भांग पाडायचा.

सांगायची गोष्ट त्या विहिरीनंतर बारातेरा वर्षांची आहे. त्र्याऐंशीचा डिसेंबर. एका रविवारी सकाळी पाचसहा सायकलवाले टपरीशी उतरले. मुंबईचे. गुडघ्यापर्यंत चड्ड्या, पाठीला पिशव्या, आणि पुढच्याच्या हातात हिरव्या पुठ्ठ्याचं खिशात मावेल असं पातळ पुस्तक.

"काका, इथला मोठा वड कुठंय?"

"कुठला वड?"

"यात लिहिलंय ना. साजगावजवळ मोठा वड, तिथून उजवीकडे बैलवाट."

"तो वड तोडून दोन वर्सं झाली. तितं आता कारखान्याची भिंत हाय. उजवीकडं वळा खुशाल, वाचमनच्या डब्यात जेवाल."

सगळे हसले. सहदेवनं हात फडक्याला पुसले आणि पुस्तक मागून घेतलं. सायकलीवरून हिंडायच्या वाटांचं पुस्तक! असलं काही असतं हेच त्याला नवीन होतं. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या गाडीवाटा, बांध, पायवाटा. कुठं वळायचं, कुठं सायकल खांद्यावर घ्यायची, कुठं चहा मिळतो. त्यानं उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि त्याचं डोकं फिरलं.

"'ओढा सहज ओलांडता येतो.' कुनी वलांडला? माघात आला आसंल सायेब. आषाढात ये म्हनावं, मी ह्या कडंला हार घेऊन उभा ऱ्हातो. आन हे बगा. 'चढ सौम्य आहे.' सौम्य! हितं आमच्या म्हशी बसत्यात दम खायला. कुनी लिवलंय हे?"

"मी," मागून एक गृहस्थ म्हणाले. चष्मा, टक्कल, पायात कॅनव्हासचे बूट. कमळाकर दिघे, बँकेत नोकरी, सायकल मंडळाचे चिटणीस.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. सहदेव म्हणाला, "मंग बरं झालं, तुमालाच सांगता आलं."

दिघे चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आम्ही वर्षातून दोनदा येणारी माणसं. तुम्हीच का लिहीत नाही? मार्चात दुसरी आवृत्ती काढतोय. तुमचं नाव घालू."

नाव. ते ऐकलं आणि सहदेवनं पुस्तकाचं पहिलं पान पुन्हा उघडलं. आजवर त्यानं शेकडो कागद लिहिले, पण ते सगळे कचेरीच्या कपाटात गेले. छापलेलं एकही नव्हतं.

त्या हिवाळ्यात टपरी दर सोमवारी बंद राहू लागली. सहदेवनं मागच्या चाकाच्या एका स्पोकला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक फेरा. साडेचारशे फेऱ्यांना एक किलोमीटर. तो फेरे मोजत जायचा, आणि कुणी रस्त्यात हाक मारली तर बोटं वर करून नुसता हात हलवायचा, बोललं तर आकडा चुकतो म्हणून. लोक म्हणायला लागले, सहदेवला चळ लागला. घरी येऊन तो वहीत लिहायचा. गाडीवाट कुठं संपते, दगडी बांधावरून सायकल कशी न्यायची, कुत्री कुठं अंगावर येतात. दहा वाटा झाल्या. पण दहा म्हणजे पहिल्या पुस्तकाइतक्याच. त्याला दिघ्यांपेक्षा एक तरी जास्त पाहिजे होती.

अकरावी वाट पळसवाडीची.

पळसवाडी म्हणजे डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची चौदा घरं. ऐंशी सालच्या वैशाखात एका मोर्च्याची पत्रकं वाटत सहदेव तिकडं गेला होता आणि त्याच्या सायकलची चेन तुटली. उन्हानं डोळ्यापुढं काजवे. तेव्हा सोमा नावाचा ठाकर भेटला. सोमा नुसता पुढं चालू लागला. एका फाट्यावर ओली डहाळी आडवी टाकलेली, तिच्यावर धोंडा. सोमा तिथं थांबला, वरच्या अंगाला तोंड करून कुणाला तरी एक हाक घातली, उलट हाक आली, मग तो डहाळीला वळसा घालून आत वळला. आत कातळाच्या खळग्यात झरा. वाटीनं भरून घ्यावं एवढंच पाणी, पण असं गार की सहदेवच्या दातांना कळ आली. तो तीन वाट्या प्याला. चौथी सोमानं आपणहून दिली.

पुढं दरवर्षी उन्हाळ्यात त्या बाजूनं जाताना त्याला ती डहाळी दिसायची. ताजी असायची. त्यानं मनाशी ठरवलं, झऱ्याच्या वाटेची खूण आहे. डोंगरातल्या माणसांनी लावलेली पाटी. ज्याला सगळ्या गोष्टी सोडवता येतात त्याला विचारायची सवय नसते. त्यानं सोमाला विचारलं नाही. माघाच्या अखेरीला फेरे मोजत गेला, डहाळी पाहिली, आणि वहीत लिहिलं:

"फाट्यावर ओली डहाळी व तीवर धोंडा दिसेल. ही तेथील लोकांची खूण आहे. बेलाशक आत वळावे. दोनशे पावलांवर बारमाही झरा आहे. असे पाणी मुंबईकरांच्या नशिबी नाही. पोटभर प्यावे, हातपाय धुवावेत."

पुस्तक मार्चअखेर आलं. आतल्या पानावर छापलं होतं: या आवृत्तीतील सर्व वाटा श्री. सहदेव ओव्हाळ, खोपोली. टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते पान बघावंच लागलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो वाचून दाखवायचा. बायको इंदूबाईला तर जेवताना रोज.

एप्रिलात सायकलवाले वाढले. एका रविवारी बारा, पुढच्याला वीस. टपरीशी थांबून हवा भरत आणि म्हणत, "सहदेव ओव्हाळ म्हणजे आपणच का?" हा मान खाली घालून पंप मारत राही, म्हणजे त्यांनी आणखी एकदा विचारावं. एक मुलगी म्हणाली, "तुमची अकरावी वाट सगळ्यात मस्त. झऱ्यावर आम्ही चक्क साबण लावून अंघोळी केल्या. सायकली पण धुतल्या." तिनं त्याच पानावर सही मागितली. सहदेवनं ठसठशीत सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात सोमाची बायको आवडी डोक्यावर मोळी घेऊन खोपोलीच्या बाजारात आली. मोळी विकून जाताना ती टपरीसमोर उभी राहिली. इंदूबाई तेव्हा डबा घेऊन आलेली होती. तिनं आवडीला पाणी दिलं. आवडीनं तांब्या हातात घेतला आणि प्यायचं सोडून त्यात बघत राहिली.

"दादा, तू लिवनारा मानूस. आमचा येक कागद लिवून दे."

"कसला गं? बस की."

"पानी नासलं आमचं. मुंबईची मानसं येत्यात सायकलीवरनं. झऱ्यात साबन लावत्यात, चाकं धुत्यात. खळग्यात पार फेस. दोन दोन दिस पानी निवळत नाय. पोरं वांत्या करत्यात."

सहदेवनं हातातला पाना खाली ठेवला.

"डहाळी टाकलेली अस्ती रं दादा. वर धोंडा. होळी जवळ आली की टाकतो आमी. म्हंजे हितनं फुडं यायचं नाय, पानी कमी हाय. यायचं आसंल तं आधी हाक घालायची. गुराखी पोरगं बी वलांडत नाय. आन ही मानसं बराबर डहाळी बगून वळत्यात! जसं काय आमी आवतन धाडलंय. येकाकडं म्हनं पुस्तक हाय, त्यात लिवलंय तसं."

"मंग?" सहदेवनं विचारलं.

"मंग काय. वाडी म्हन्ती, सोमानंच वाट दावली. त्योच येकदा परक्याला घेऊन आलता. तुलाच आनलं व्हतं न्हवं तवा? तेच धरून बसल्यात. आता पान्याला आमचा हंडा सगळ्यात मागं. आमची पाळी येतीया तवा खळग्यात गाळ ऱ्हातो. त्यानं शपत घेतली, लेकराच्या डोईवर हात ठेवला. कुनी ऐकत नाय. म्हनून म्हन्ते, त्या पुस्तकवाल्यावर कागद लिव. मामलेदाराला जाऊं दे. म्हंजे वाडीला कळंल, ह्यो सोमा न्हवं."

आता सांगायचं. एवढंच वाक्य होतं: आवडी, तो मीच. चार शब्दही नाहीत. आयुष्यभर ज्याचं तोंड कधी मिटलं नाही त्या सहदेवनं दोनदा तोंड उघडलं, आणि दुसऱ्यांदा त्यातून जे बाहेर पडलं ते असं होतं:

"कागद आन गं आतनं, इंदू."

आणि त्यानं लिहिलं. सुंदर अक्षरात, समास सोडून. "कोणा अज्ञात इसमाने आमच्या वाडीचे पिण्याचे पाणी एका पुस्तकात जाहीर करून..." आवडीनं अंगठा उठवला. दोन्ही हात जोडले. म्हणाली, "तुज्यासारकी मानसं हायेत म्हनून बरं." आणि गेली.

इंदूबाई डबा उघडायची विसरली होती. जराशानं तिनं विचारलं, "अज्ञात म्हंजे काय वो?"

"ज्याचं नाव ठावं नाय तो."

"मंग रोज जेवताना मला कुनाचं नाव वाचून दावता?"

त्यानं पाना फेकला. तो घमेल्याला लागला, पाणी सांडलं. इंदूबाई जागची हलली नाही. ती ओरडली असती, रडली असती तर त्याला तिच्याशी भांडता आलं असतं. तिनं डबा तसाच ठेवला आणि घरी गेली.

दोन दिवसांनी तो खालापूरला कचेरीत गेला. अजून त्याच्या मनात होतं की अर्ज लागला तर पाणीही वाचेल आणि नावही. कारकुनानं अर्ज वाचला. "छान लिहिलंय. पुस्तकाची प्रत जोडा."

"प्रत?"

"अहो, पुस्तक पाहिल्याशिवाय अज्ञात इसम शोधायचा कसा आम्ही? त्यात नाव असेलच की."

प्रत सहदेवच्या पिशवीतच होती. ती तो कुठंही सोडून जात नसे. पिशवीवरून त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, "मिळाली की आनतो." बाहेर येऊन तो एसटीच्या थांब्यावर बसला. तीन गाड्या गेल्या. विहिरीवर त्याच्या डोक्यात काठी घालणारा वरच्या आळीचा माणूस त्याला आठवला. तो माणूस अजून जिवंत होता, वाटेत भेटला की मान वळवायचा. सहदेवला वाटायचं, हा मला बघून जळतो. आज पहिल्यांदा त्याला शंका आली की त्या मान वळवण्यात दुसरंच काही असेल.

तरी तो लगेच गेला नाही. हे लिहायलाच पाहिजे. आणखी दोन रविवार गेले. तो टपरीत बसला आणि सायकलवाल्यांना म्हणाला, अकरावी वाट बंद आहे, दरड पडली. वैशाखात दरड! त्यातले निम्मे ऐकून हसले आणि गेलेच. दिघ्यांना पत्र टाकलं, छपाईत चूक झाली आहे, अकरावी वाट काढा. चूक कुणाची ते त्यातही लिहिलं नाही. दिघ्यांचं सरळ उत्तर आलं की उरलेल्या प्रतींवर चिठ्ठी चिकटवतो, पण तीनशे प्रती गेल्या, त्यांचं काय करणार.

तिसऱ्या रविवारी आवडी पुन्हा बाजारात आली. टपरीशी थांबली नाही. लांबूनच विचारलं, "कागद दिलास का रं दादा?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेली. तिच्या अंगात सोमाचा फाटका शर्ट होता.

मंगळवारी सकाळी सहदेव पळसवाडीला गेला. फाट्यावर डहाळी होती, पण आता तिच्यावर तीन धोंडे होते. त्यानं तिथं उभं राहून हाक घातली. आधी कुणी ओ दिली नाही. मग एका पोरानं खाली डोकावून पाहिलं आणि हात केला.

बाया हंडे लावून बसलेल्या. सगळ्यात मागं आवडीचा हंडा, इतरांपासून दोन हात लांब. वाडीची म्हातारी ठकूबाई कातळावर बसून पाळ्या लावत होती. सोमा खाली कुंपण घालत होता, त्यानं मान वर केली.

सहदेवनं पुस्तक काढलं. येताना त्यानं पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"हे पुस्तक मी लिवलंय. सोमानं काय बी नाय केलं."

ठकूबाई म्हणाली, "आन कागद कुनी लिवला मंग? मामलेदाराचा?"

"तो बी मीच."

कुणीतरी फस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, हंड्याला हात टेकून. आवडी तेवढी हसत नव्हती.

"बाईबाई! आपल्याच नावाचा कागद आपुनच लिवला! आन आमचा अंगठा घेतला त्याच्यावर!" ठकूबाईनं डोळे पुसले. "आरं, येवडा शिकलास कशाला?"

सहदेवला मार खायची सवय होती. पण आजवरचा मार तो बरोबर असताना खाल्लेला होता. तेव्हा छाती काढून कसं उभं राहायचं ते त्याला ठाऊक होतं. आपण चुकलेलो असताना कसं उभं राहतात, हात कुठं ठेवतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं पुस्तक फाडायला घेतलं.

"फाडतोस कशाला रं? किती हायेत असली?"

"तीनशे गेली."

"मंग येक फाडून कुनाला दावतूस? आमाला?" ठकूबाईचं हसू गेलं होतं. "आवडे, तुझा हंडा फुडं आन."

हंडा पुढं आला. बायांनी जागा करून दिली, एकीनं हात लावला. सोमावरचा आळ एवढ्यात उतरला. महिनाभर शपथा घेऊन जे झालं नव्हतं ते.

सोमा वर आला होता. कोयता हातात, पण तो धरलाय हे त्याच्या ध्यानातही नसावं.

"आवडी तुज्याकडं आली तवा का नाय बोललास?"

"भ्यालो."

"आमाला?"

"नाय. नाव जाईल म्हनून."

सोमानं कोयता कमरेला खोचला. "माजं गेलंच व्हतं की," तो म्हणाला आणि कुंपणाकडं उतरून गेला.

ठकूबाईनं ठरवून दिलं ते असं: मृगाचा पाऊस लागेपर्यंत दर रविवारी सहदेवनं फाट्यावर बसायचं आणि तुझी माणसं तूच परत पाठवायची. "तुझी माणसं" हे तिनं दोनदा म्हटलं.

तो बसला. पाऊस उशिरा लागला, पाच रविवार झाले. सायकलवाले चढ चढून घामेजून येत आणि डहाळी बघून खूश होत.

"पुढं जायचं नाय. ही खूण बंदीची हाय."

"पण पुस्तकात उलटं लिहिलंय."

"पुस्तक चुकलंय."

"असं कसं? लिहिणारा इथलाच माणूस आहे. हे बघा, नाव आहे. तुम्हाला जास्त कळतं का त्याच्यापेक्षा?"

मग ते म्हणावं लागायचं. "तो मीच. मी न विचारता लिवलं." पहिल्या रविवारी हे त्यानं जमिनीकडं बघत म्हटलं. सायकलवाले एकमेकांकडं बघत, कुणी हसे, कुणाला वाटे म्हातारा खुळा आहे. एकानं त्याचा फोटो काढला. सरावानं सोपं होईल असं सहदेवला वाटलं होतं. पाचव्या रविवारी सतराव्या माणसाला सांगतानाही कानांच्या पाळ्या तशाच तापल्या.

त्या पाच रविवारांत सोमा कितीदा तरी त्या वाटेनं गेला. कावड घेऊन, गुरं घेऊन. बोलला नाही. सहदेव झाडाखाली उन्हात, दुपारी सावली पार सरकून गेलेली, तिथून झरा दोनशे पावलांवर. पावलं मोजलेली होती, चुकायचा प्रश्न नव्हता. पण तो तिकडं एकदाही गेला नाही, हाक घालूनही.

शेवटच्या रविवारी सोमा थांबला. सहदेवच्या शेजारी ओलं फडकं गुंडाळलेली बाटली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलं.

"पानी घरनं आनतोस?"

"व्हय."

"खोपोलीवरनं?"

"व्हय."

सोमानं खांद्यावरची कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. दोन्ही हंडे भरलेले होते, थोडं पाणी हिंदकळून धुळीत पडलं.

"बरं करतोस," तो म्हणाला, आणि वाडीकडं चालू लागला.